निकाल आणि पेच

ऐतिहासिक कादंबरीचे कथानक आयते मिळते, म्हणून निवृत्तीनंतर लेखणी हाती घेणाऱ्याने तिच्यापासून सुरुवात करावी, असा सल्ला हल्ली लेखनाच्या कार्यशाळांतून, ज्येष्ठ नागरिक संघांच्या व्याख्यानांतून आणि पुरवण्यांमधल्या मार्गदर्शनपर लेखांतून सर्रास दिला जातो. हेतू चांगला असतो. माणसाकडे वेळ आहे, वाचन आहे, गडकिल्ले पायांखालून गेलेले आहेत. गोष्ट रचण्याची यातायात इतिहासाने वाचवली आहे. मग बसावे आणि लिहावे. टीकाकार याच सल्ल्याची दुसरी बाजू मांडतात. त्यांच्या मते आजची बहुतेक ऐतिहासिक कादंबरी म्हणजे आयत्या कथानकावर रिकाम्या माणसांनी चढवलेली शब्दांची झूल. एक उत्तेजन देतो, दुसरा नाक मुरडतो. पण दोघांचे गृहीत एकच आहे. मला ते गृहीतच चुकीचे वाटते. निवृत्तीनंतर या वाटेला लागलेल्या गंभीर माणसाचे सर्वांत जास्त नुकसान या गृहीतानेच केले आहे.

इतरही मते कानांवर येतात. मेंदू तल्लख राहतो म्हणून लिहावे, असे काही जण म्हणतात. त्यासाठी शब्दकोडी पुरेशी आहेत, कादंबरी वेठीला धरण्याचे कारण नाही. इतिहासाला हात लावला की कोणाच्या तरी भावना दुखावतात, म्हणून त्या भानगडीत पडू नये, हे मत भित्रेपणाचे आहे आणि त्याला अधिक उत्तर देण्याची गरज नाही. यंत्रच आता कादंबरी लिहून देईल म्हणणाऱ्यांना आपण कादंबरी वाचतो कशासाठी, हेच उमगलेले नाही. खरा प्रश्न आयत्या कथानकाचा आहे, आणि तो मुळापासून तपासायला हवा.

इतिहासाकडून लेखकाला आयते काय मिळते? १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर काय झाले, हे मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला गेले, हेही ठाऊक आहे. हे जे आपल्याला ठाऊक आहे त्याला मी निकाल म्हणतो. निकाल आयता मिळतो, यात वाद नाही. पण त्या माणसांच्या हातात निकाल नव्हता. त्यांच्यापुढे होता तो पेच. कोणती बातमी पोचली होती, कोणती वाटेत होती, खजिन्यात किती उरले होते, कोणाच्या शब्दावर विसंबता येत होते आणि अमुक दिवसाच्या आत काय ठरवायलाच हवे होते, या सगळ्याची गाठ म्हणजे पेच. कादंबरी पेचाची होते. निकालाची फार तर सनावळी होते.

पानिपताकडेच या दृष्टीने पाहावे. १७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊ दिल्लीत होते. फौजेचा पगार थकलेला, उत्तरेतला वसूल हाती येत नव्हता, पुण्याहून पैसा येण्याची खात्री नव्हती, आणि बरोबर बायकामुलांचा व यात्रेकरूंचा मोठा लोंढा होता. लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासच्या छताची चांदी काढून भाऊंनी तिचे रुपये पाडले. त्याच सुमारास सूरजमल जाट दुरावला आणि निघून गेला. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतल्यावर धान्य मिळाले, तोच अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि भाऊंचा दिल्लीशी संबंध तुटला. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची उरलीसुरली आशा मावळली. निकाल ठाऊक असलेला लेखक चांदी काढण्याच्या प्रसंगात हटकून अशुभाची चाहूल घालतो. कुठे तरी टिटवी ओरडते, कुठे तरी भाऊंचा चेहरा काळवंडतो. पण छत उतरवताना भाऊंपुढे अपशकून नव्हता, हिशेब होता. भाऊ मुळात कारभारी. पुण्याच्या जमाखर्चावर करडी नजर ठेवण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. थकलेल्या पगाराने फौज कशी बिघडते, हे त्यांना ठाऊक होते. त्या रकमेत किती पथके किती दिवस निभतील, मोडलेल्या छतामुळे कोणता मित्र जाईल आणि न मोडल्यास कोणते पथक जाईल, हा तो पेच आहे. तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात आयता नाही. तो पत्रांमधून, तारखांमधून आणि अंतरांमधून पुन्हा उभा करावा लागतो, आणि हे उभे करणे म्हणजेच कथानक रचणे. सामाजिक कादंबरी लिहिणाऱ्यापेक्षा इथे कष्ट जास्तच पडतात, कारण शेवट आपल्या हातात नसतो.

कोणी म्हणेल, पेच शोधायचा हे मान्य, पण घटनांचा क्रम तरी आयता मिळतोच ना? तोही मिळत नाही. संभाजी महाराजांचे उदाहरण घ्या. त्यांचे जे चित्र पिढ्यान्‌पिढ्या नाटकांतून आणि कादंबऱ्यांतून आले, ते बव्हंशी मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीवर उभे होते. ही बखर संभाजी महाराजांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. लिहिणारा ज्या घराण्यातला, त्याच घराण्यातल्या बाळाजी आवजी चिटणिसांना महाराजांनी १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून देहान्त शिक्षा दिली होती. वा. सी. बेंद्रे यांनी अनेक वर्षे कागदपत्रे धुंडाळून १९६० मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले, पुढे कमल गोखले यांनी अभ्यास केला, आणि मग तेच आयुष्य निराळे दिसू लागले. शिवाजी सावंतांची ‘छावा’ १९७९ मधली. १९२० साली ज्याला आयते कथानक म्हटले असते, ते १९७९ साली उरलेच नव्हते. ज्याला आपण आयते म्हणतो, ते बहुधा मागच्या पिढीतल्या कोणाचे तरी मत असते आणि सवयीने ते घटनेसारखे वाटू लागते. निवृत्त लेखकाला ‘कथानक तयार आहे’ म्हणून सांगणारा माणूस त्याला नकळत चिटणीसांच्या बखरीचा लेखनिक करून टाकतो.

आयत्या कथानकाबरोबर आणखी एक गोष्ट आयती येते, आणि ती अधिक घातक आहे: दुसऱ्यांची वाक्ये. हरिभाऊ आपट्यांपासून नाथमाधवांपर्यंत आणि रणजित देसाईंपासून विश्वास पाटलांपर्यंत या वाङ्मयप्रकाराने मराठी वाचकाच्या कानात एक बोली बसवली आहे. ज्याने तरुणपणी ‘स्वामी’ आणि ‘श्रीमान योगी’ पारायणे केल्यासारख्या वाचल्या, त्याच्या लेखणीतून पहिल्या शंभर पानांत त्याच कादंबऱ्यांचे दरबार, समया आणि नि:श्वास उतरतात. गोष्ट ठरलेली आहे असे एकदा मनाने घेतले की लेखकापुढे काम उरते ते सजावटीचे, आणि सजावट सर्वांत लवकर हाताशी येते ती वाचनातून. म्हणजे टीकाकार ज्या झुलीची तक्रार करतात, ती झूल आयत्या कथानकाच्या सल्ल्यातूनच विणली जाते. रोग आणि त्यावर दिलेले औषध एकच आहे.

बंकिमचंद्रांचे उदाहरण या वादात कोणी काढत नाही, याचे मला नवल वाटते. ते डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते आणि १८९१ मध्ये सेवानिवृत्त झाले. ‘राजसिंह’ ही त्यांची कादंबरी त्याआधी, १८८२ मध्ये, पुस्तकरूपाने आलेली होती. निवृत्तीनंतर त्यांनी नवी कादंबरी न लिहिता तीच हाती घेतली, ती कितीतरी पटींनी वाढवली आणि १८९३ मध्ये पुन्हा प्रसिद्ध केली. आपण याआधी ऐतिहासिक कादंबरी लिहिलेली नाही, ‘दुर्गेशनंदिनी’ किंवा ‘सीताराम’ यांना ऐतिहासिक म्हणू नये, अशा आशयाचे निवेदन त्यांनी त्या आवृत्तीला जोडले. पुढच्याच वर्षी ते गेले. ज्या माणसाला सारा देश ऐतिहासिक कादंबरीचा एक जनक मानत होता, त्याने निवृत्तीनंतर स्वतःचे कथानक अपुरे ठरवून पुन्हा घडवले. कथानक आयते असते, तर त्यांना हा खटाटोप करण्याचे कारण नव्हते.

आता एक आक्षेप प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. मराठीतल्या गाजलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या निवृत्तांनी लिहिलेल्या नाहीत. ‘उषःकाल’ क्रमशः लिहिताना हरिभाऊ तिशीच्या सुरुवातीला होते. ‘स्वामी’ १९६२ मध्ये आली तेव्हा देसाई चौतीस वर्षांचे होते. ‘पानिपत’ १९८८ मध्ये आली तेव्हा विश्वास पाटलांनी तिशीही गाठली नव्हती. या प्रकाराला तरुण रक्ताची गरज आहे, असा निष्कर्ष यावरून काढता येईल, आणि एका मर्यादेपर्यंत तो खराही आहे. पराक्रम, प्रेम आणि अकाली मृत्यू यांचे आकर्षण तरुणाला अधिक असते आणि ते लेखनात वेग आणते. पण याच आकडेवारीचा दुसरा अर्थ असा, की आपली ऐतिहासिक कादंबरी एका वयाच्या नजरेने लिहिली गेली. जे त्या वयाला दिसत नाही, ते तिच्यात कमी आले. जर्मनीत थिओडोर फोंटाने याने पहिली कादंबरी प्रसिद्ध केली ती १८७८ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि तीही १८१२-१३ च्या हिवाळ्यातल्या प्रशियावर. सिसिलीतल्या लाम्पेदूसा याने आपली एकुलती एक कादंबरी पन्नाशी बरीच उलटल्यावर लिहायला घेतली. ती त्याच्या मृत्यूनंतर १९५८ मध्ये छापली गेली आणि १८६० च्या सिसिलीवर आहे. दोघांच्याही कादंबऱ्यांत तलवारीपेक्षा बैठका आणि बोलणी जास्त आहेत. जग बदलत असताना काय धरायचे आणि काय सोडायचे, हे लोक ठरवत असतात, आणि ते ठरवताना त्यांना पुढचे दिसत नसते. तरुण लेखकाला हे लिहिता येणार नाही असे नाही. पण ज्याने स्वतः तीस-पस्तीस वर्षे असे निर्णय घेतले किंवा घेतलेले जवळून पाहिले आहेत, त्याला ते आतून कळते.

निवृत्त माणसाचे खरे भांडवल इथे आहे. त्याच्याकडे वेळ असतो हे खरे, पण तो महत्त्वाचा नाही. वेळ कैद्याकडेही असतो. आठवणी असतात, पण त्या पेशवाईतल्या नसतात. त्याच्याकडे असते ती कारभाराची जाण. अपुऱ्या कागदावर सही कशी करावी लागते, वरिष्ठाचा हुकूम आणि जागेवरची परिस्थिती यांचा मेळ बसत नसेल तर मधला माणूस काय करतो, पैसा मंजूर होणे आणि हातात पडणे यांत किती महिने जातात, आणि एखादा निर्णय अंगाशी आल्यावर ‘हे असेच होणार होते’ असे म्हणणारे किती जण पुढे येतात, हे त्याने अनुभवलेले असते. तहसील कचेरीतला अव्वल कारकून, बँकेतला कर्ज विभागाचा अधिकारी, एसटीचा आगार व्यवस्थापक, सरकारी रुग्णालयातली परिचारिका, पाटबंधारे खात्यातला अभियंता, या सगळ्यांना निकाल आणि पेच यांतले अंतर ठाऊक असते. त्यांनी ते शब्द वापरले नसतील, इतकेच.

आणि मराठ्यांच्या इतिहासाचे कागद तर कारभाराचेच आहेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात ज्याने रुमाल सोडून पाहिले आहेत, त्याला हे सांगावे लागत नाही. वसुलीचे हिशेब, पथकांच्या हजेऱ्या, वतनाचे तंटे, महजर, कर्जरोखे, इनामांच्या सनदा, घोड्यांच्या चंदीचा खर्च, यांतच ती माणसे जगत होती. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेत शिक्षकी करता करता पटवर्धनांच्या दफ्तरातून जो ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा केला, त्यातल्या छावणीच्या पत्रांत लढाईइतकीच चिंता दाण्यावैरणीची आहे. जुन्या पत्रावर तिथी किंवा चंद्र सापडतो, साल मात्र बहुधा सापडत नाही. हिशेबी कागदांवर शुहूर सन असतो, अरबी शब्दांत लिहिलेला. तो मृगाला बदलतो, म्हणून इसवी सन काढताना महिना पाहून कधी ५९९ तर कधी ६०० मिळवावे लागतात. मोडी शिकावी लागते, आणि ती शिकता येते. आवक-जावक नोंदवहीवर आयुष्य काढलेल्या माणसाला पत्र कधी निघाले आणि कधी पोचले, या प्रश्नाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. पानिपताची बातमी नानासाहेब पेशव्यांना माळव्यात मिळाली, तोवर लढाई होऊन कित्येक दिवस लोटले होते. त्या दिवसांत त्यांनी जे जे योजले असेल, ते सारे अस्तित्वात नसलेल्या फौजेसाठी होते. निकालाच्या बाजूने पाहिले तर हे दिवस रिकामे आहेत. पेचाच्या बाजूने पाहिले तर ते एका कादंबरीला पुरतील.

आपल्या परंपरेत हे नवीनही नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीत राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली, तीत लढायांबरोबर गडांच्या याद्या आहेत, कारखाने आहेत, कोठारात काय होते त्याची मोजदाद आहे. ‘आज्ञापत्र’ परंपरेने रामचंद्रपंत अमात्यांचे मानले जाते. आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, असे बजावणारी त्यातली नजर उतारवयातल्या कारभाऱ्याची आहे. राज्य कशावर चालते, हे पाहिलेल्या माणसांनी आपला इतिहास आधी सांगितला. नंतर आपण त्यातला पराक्रम तेवढा उचलला आणि कारभार अभ्यासकांच्या तळटीपांकडे सोडून दिला.

माधवराव पेशव्यांनी अखेरच्या दिवसांत जी कलमे लिहवून घेतली, त्यांत कर्ज फेडण्याचे कलम आहे. सत्तावीस वर्षांच्या, क्षयाने खंगलेल्या माणसाला सावकारांची देणी अस्वस्थ करत होती. पानिपतानंतरचे राज्य त्याने उभे केले, पण उभे केले ते उसनवारीवर, आणि हे त्याला पुरते ठाऊक होते. या कलमाची कादंबरी मला वाचायची आहे. कोणत्या सावकाराचे किती, कोणत्या मोहिमेसाठी घेतलेले, कोणता महाल तारण, फेडीचा वायदा कोणता, आणि वायदा चुकला तर पुढच्या वर्षी फौज कशी निघणार, हे सगळे समजून घेऊन ती लिहिणारा माणूस एखाद्या बँकेतून नुकताच निवृत्त झालेला असेल, अशी माझी आशा आहे.

निवृत्त लेखकाने शिवकाल किंवा पेशवाईच निवडली पाहिजे, असेही नाही. वॉल्टर स्कॉटने १८१४ मध्ये ‘वेव्हर्ली’ प्रसिद्ध केली, तेव्हा गोष्ट साठ वर्षांपूर्वीची असल्याचे उपशीर्षकातच सांगितले होते. १९७२ चा दुष्काळ आता त्या अंतराच्या जवळ आला आहे. आज पंचाहत्तरीच्या घरात असलेले अनेक जण तेव्हा विशीत होते. खडी फोडायला बसलेली अख्खी गावे, मुलांना मिळणारी सुकडी, परदेशातून आलेला मिलो, आणि कामावर हजेरीपट धरून बसलेला कारकून त्यांनी पाहिला आहे. त्यातले काही स्वतः तो कारकून होते. पुढे या अनुभवातून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला, हा निकाल. पण त्या उन्हात, मंजूर संख्येपेक्षा दुप्पट माणसे कामावर आलेली असताना हजेरीपटावर कोणाचे नाव घालायचे आणि कोणाला परत पाठवायचे, हा पेच होता. तो सोडवणाऱ्याला कायद्याची चाहूलसुद्धा नव्हती.

उतारवयाचे धोके मी नाकारत नाही. उपदेश करण्याची इच्छा वाढते. नोकरीतल्या जुन्या वैऱ्याला राघोबाच्या किंवा अनाजीपंताच्या पोशाखात उभे करण्याचा मोह होतो. आयुष्य थोडे उरले या घाईने कच्चे हस्तलिखित छापखान्यात जाते. आणि मुख्य म्हणजे, स्वतःच्या आयुष्याचा निकाल लागून गेलेला असल्यामुळे प्रत्येक गोष्टीकडे निकालाच्या बाजूने पाहण्याची सवय जडते. निवृत्त माणसाला पेच इतरांपेक्षा चांगला ठाऊक असतो, हे माझे म्हणणे म्हणूनच बिनशर्त नाही. तो ठाऊक असतो, पण विसरणेही सोपे असते. निरोप समारंभातल्या भाषणांनी आपली कारकीर्द सरळ रेषेसारखी करून दाखवलेली असते. ती रेषा मनातून पुसल्याशिवाय ऐतिहासिक कादंबरीला हात घालू नये.

तरी माझा कल कुठे आहे, हे लपवण्याचे कारण नाही. गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याच्या नोकरीतून १९२५ मध्ये निवृत्त झाले आणि कामशेतला राहायला गेले. पेशवे दफ्तराच्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड त्यांनी त्यानंतर संपादित केले, आणि मराठ्यांच्या इतिहासाचे तीन इंग्रजी खंड ऐंशी वर्षांचे झाल्यावर पूर्ण केले. ते इतिहासकार होते, कादंबरीकार नव्हते. निकाल का लागला, हे सांगणे हे त्यांचे काम. पण त्यांच्या त्या पंचेचाळीस खंडांत पेच जागोजाग पडलेले आहेत, आणि इतिहासकाराला त्यांची जितकी गरज होती त्याहून कादंबरीकाराला अधिक आहे. निवृत्तीनंतर त्याच तोलाची मेहनत कादंबरीसाठी कोणी करू नये, असे म्हणणाऱ्यांनी कादंबरीला इतिहासापेक्षा हलकी मानले आहे. मी मानत नाही.

म्हणून निवृत्त लेखकाचे ऐतिहासिक हस्तलिखित समोर आले, तर संपादकाने त्याचे वय विचारू नये, संदर्भग्रंथांची यादी किती लांब आहे हेही पाहू नये. कोणतेही पान उघडावे आणि एकच प्रश्न विचारावा: या क्षणी या माणसाला काय ठाऊक नव्हते? त्या पानावर याचे उत्तर सापडले, तर लेखकाने पेच गाठला आहे; भाषेतले दोष पुढे दुरुस्त करता येतील. उत्तर सापडले नाही, पात्राला सगळे आधीच कळत असेल आणि टिटव्या वेळेवर ओरडत असतील, तर लेखक तिशीतला असो की सत्तरीतला, त्याने आयते घेतले आहे. लेखन शिकवणाऱ्यांनीही ज्येष्ठांना ‘कथानक तयार आहे’ हे सांगणे थांबवावे. निकाल तयार आहे, कथानक तुमच्या नोकरीच्या वर्षांत शिकलेल्या गोष्टींतून तुम्हालाच उभे करायचे आहे, असे त्यांनी सांगावे. काही जण ते ऐकून लेखन सोडून देतील. जे उरतील, त्यांच्याकडून मराठीला कारभाराची कादंबरी मिळेल, आणि ती आपल्याला फार पूर्वीच मिळायला हवी होती.